नेव्हिलची पँट आणि हेलसिंकीचा शनिवार

नेव्हिल लिपकिनच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि तीही त्याने वेळापत्रक नीट वाचून, विचारपूर्वक केली. शुक्रवार दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत हेलसिंकीच्या बंदरात उभी राहणारी बोट त्याने निवडली.

मँचेस्टरशेजारच्या प्रेस्टविचमध्ये कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, की ज्यूंचा गट बोटीने न्यायचा तर शनिवारी ती बोट भर समुद्रात हवी. समुद्रात शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा सक्तीचा विसावा, कसा सुखात पार पडतो. विजेचं बटण दाबायचं नाही, लिहायचं नाही, रस्त्यावरून काही उचलून न्यायचं नाही. आणि समुद्रात रस्ताच नसल्यामुळे निम्मे नियम आपोआप पाळले जातात. बंदरात मात्र मोह उभा असतो, आणि मोहाच्या दारात तिकीट तपासनीस.

नेव्हिलला हे माहीत नव्हतं असं नाही. निवृत्त होईपर्यंत त्याने लोकांचे डोळे तपासले होते, आणि समोरच्याला दोन भिंगं दाखवून ‘हे बरं दिसतं की हे?’ असं विचारण्यात त्याचा जन्म गेला होता. पण या बाबतीत त्याच्यापुढे दुसरं भिंग नव्हतंच. त्याच्यापुढे आई होती.

फ्रेडाबाई वृद्धाश्रमात राहत होत्या आणि नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. त्यांचे वडील लाइब हे मूळचे हेलसिंकीचे. झारच्या फौजेतल्या एका ज्यू शिपायाचे नातू, जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. तिथल्या सिनेगॉगमध्ये तेरा वर्षांच्या लाइबला पहिल्यांदा तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वाचायला उभं केलं होतं. मग ते मँचेस्टरला आले ते परत कधी गेले नाहीत.

“मी काही आता जात नाही,” फ्रेडाबाई म्हणाल्या. “तू जा. त्याच चौथऱ्यावर उभा राहा, आणि माझ्यासाठी आशीर्वाद म्हणायला सांग. माझ्या बापाच्या नावासकट. मी टेबलावर सगळ्याजणींना सांगून बसलेय.”

टेबल म्हणजे वृद्धाश्रमातलं जेवणाचं टेबल. तिथे कुणाचा नातू सर्जन होता, कुणाची सून न्यायाधीश. फ्रेडाबाईंकडे दाखवण्यासारखा नेव्हिल होता. त्यामुळे हेलसिंकीला तोरापुढे उभं राहिल्याशिवाय परत येणं म्हणजे आईला त्या टेबलावर तोंडघशी पाडणं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोरा वाचायची ती शनिवारी सकाळी. म्हणून बोट शनिवारी बंदरात.

आपल्या छोट्या सिनेगॉगच्या संस्कृती मंडळाचा तो कार्यवाह होता. सहलीच्या पत्रकावर त्याने ‘उत्तर युरोप: संस्कृती आणि आपला वारसा’ असं छापलं, आणि आपल्या आईचा त्यात उल्लेख केला नाही.

शनिवारची गोष्ट पहिल्यांदा सिरिल नोअरच्या लक्षात आली. सिरिल हा मंडळाचा माजी कार्यवाह, आणि माजी कार्यवाहाइतका कार्यक्षम माणूस जगात दुसरा नसतो. तो कमरेला पट्टाही लावत असे आणि खांद्यावरून गॅलसही, कारण एकट्या कुणावर विश्वास ठेवावा असं त्याला आयुष्यात काही भेटलं नव्हतं. भर सभेत उभं राहून त्याने विचारलं, की बोटीवर खोलीचं दार उघडायला आणि बोटीतून उतरायला विजेचं कार्ड लागतं, ते शनिवारी आपले कार्यवाह कसं वापरणार आहेत? दाताने?

सगळ्यांनी तरुण धर्मगुरू रब्बी ब्रोडेट्स्कींकडे पाहिलं. रब्बींनी डोळे मिटले आणि ‘मी विचार करतो’ असं सांगितलं. ते विचार करत असताना बाकीच्यांनी सल्ले दिले. शेजारच्या बर्निस प्रेसमनचा आयुष्यभराचा अभ्यास क्रूझवरच्या जेवणाचा होता. ती म्हणाली, की बोटीवर माणूस फुगतो, तिच्या मेव्हण्याला शेवटच्या दिवशी टेबलक्लॉथ गुंडाळून उतरावं लागलं होतं, तेव्हा नेव्हिलने पँट दोन मापं मोठी घ्यावी. एवढा एकच सल्ला त्याला विनाशुल्क आणि बिनविरोध मिळाला, म्हणून त्याने तो मानला.

बर्निस कोशर, म्हणजे ज्यूंना धर्माने चालणाऱ्या, जेवणाचा विचार करायला विसरली होती. बोटीवर बाकीचे लोक खेकडे आणि केक यांच्या डोंगरातून वाट काढत असताना या मंडळींपुढे दुहेरी कागदात बंद केलेले, दूरच्या कुठल्यातरी शहरातून गोठवून आणलेले खोके येत. खोका उघडेपर्यंत भूक लागलेली असे आणि उघडल्यावर ती जात असे. शुक्रवार उजाडेपर्यंत पँट आणि नेव्हिल यांच्यामधून बाल्टिक वारा खेळू लागला.

पण तोवर पँटचा विचार करायला कुणाला सवड नव्हती, कारण रब्बींचा विचार पूर्ण झाला होता. रस्त्यावरून वस्तू ‘नेणं’ चालत नाही, पण अंगावर ‘घालणं’ चालतं. तेव्हा कार्ड खिशात ठेवायचं नाही; कार्ड हेच पट्ट्याचं बक्कल करायचं. पट्टा त्याच्यामुळेच बंद होत असेल तर ते कार्ड नव्हे, ती पोशाखातली वस्तू झाली. नेव्हिलला हे फार आवडलं. त्याची बायको एस्टेल हिने सगळ्यांच्या पट्ट्यांची बक्कलं काढून दोन्ही टोकांना आकडे शिवले. आता फक्त प्रत्येक कार्डाला दोन भोकं हवी होती.

बोटीवरच्या सगळ्या कारभाराच्या प्रमुख हाल्वरसनबाई होत्या. उंच, शांत, नॉर्वेच्या. गळ्यात दोरी अडकवायला लोक कार्डाला एक भोक पाडून घेत, आणि ते त्या विनातक्रार पाडून देत. नेव्हिल अख्ख्या गटाची कार्डं घेऊन आला आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक भोक मागू लागला, तेव्हा त्यांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

“दुसरं कशाला?”

“पँटसाठी,” नेव्हिल म्हणाला. काटेकोर माणूस असल्यामुळे त्याला यापेक्षा नेमकं उत्तर सुचलं नाही.

बाईंनी भोकं पाडली, पण त्याचा चेहराही नीट पाहून ठेवला.

शुक्रवारी दुपारी बोट हेलसिंकीला लागली. जून महिना; तिथे सूर्य मावळायचा म्हणजे एक औपचारिकता असते, आणि तीही लोक झोपल्यावर. त्याची वाट पाहिली तर उपाशी मरावं लागेल म्हणून रब्बींनी शब्बाथ लवकर घ्यायचं ठरवलं. मेणबत्त्या बोटीवर चालत नव्हत्या, म्हणून एस्टेलने परवानगीने दोन विजेचे छोटे दिवे लावले आणि लख्ख उन्हात डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला. त्याआधी नेव्हिल सगळ्यांच्या दारांवरून फिरला आणि प्रत्येक कुलपाच्या जिभेवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून आला. दार ढकललं की उघडेल. वीज नको, कार्ड नको. सिरिलसुद्धा काही बोलला नाही, यावरून योजना किती उत्तम होती ते दिसतं.

मंडळी जेवायला गेली. त्या पॅसेजची व्यवस्था पाहणारा होसेलितो हा अत्यंत मनापासून काम करणारा माणूस होता. दारांच्या कुलपांना काहीतरी चिकटलंय हे पाहून त्याने सगळ्या पट्ट्या काढल्या, उरलेला डिंक स्पिरिटने पुसला, प्रत्येक पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला आणि दारं घट्ट लावून घेतली. मंडळी परत आली तेव्हा त्यांच्या कमरेला किल्ल्या होत्या, समोर दारं होती, आणि मधे मोझेसचा कायदा होता.

“मागायचं नाही,” रब्बी हळूच म्हणाले. “दुसऱ्याला आपल्यासाठी कार्ड लाव असं सांगता येत नाही. फक्त वस्तुस्थिती सांगायची आणि थांबायचं. त्याचं त्याने समजून केलं तर केलं.”

नेव्हिलने घसा साफ केला. “दार बंद आहे,” तो होसेलितोला म्हणाला.

होसेलितोचा चेहरा उजळला. हो साहेब, मीच लावलं, सगळी उघडी होती, तो म्हणाला.

मग एस्टेल म्हणाली, की तिचे पाय फार दुखतात. होसेलितोने धावत जाऊन तिला खुर्ची आणली. बाकीच्यांनीही आपापले पाय दुखत असल्याची वस्तुस्थिती सांगितली आणि पॅसेजच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांची रांग लागली. सिरिल म्हणाला, की त्याला झोप लागते ती चार भिंतींच्या आतच लागते. त्यावर ब्लँकेटं आली. रब्बींनी अखेर शास्त्राच्या अगदी काठावर जाऊन सांगितलं, की या दारांच्या मागे आमच्या खोल्या आहेत. होसेलितो म्हणाला, आणि किती सुंदर खोल्या आहेत, रब्बी.

सुटाबुटातली, मोत्यांच्या माळा घातलेली, मांडीवर ब्लँकेटं घेतलेली माणसं अशी समोरासमोर बसलेली पाहून एका डच जोडप्याला वाटलं की इथे काही कार्यक्रम आहे. तेही शेवटच्या खुर्च्यांवर बसले आणि कधी सुरू होणार म्हणून विचारू लागले.

होसेलितोने शेवटी काळजीपोटी हाल्वरसनबाईंना बोलावलं. त्यांनी नेव्हिलला ओळखलं.

“तुम्हाला काय हवंय?”

“आम्हाला काहीही नकोय,” नेव्हिल अभिमानाने म्हणाला. “आम्ही फक्त बाहेर आहोत.”

दोन भोकं, कुलपांवर पट्ट्या, आणि आता हे. बाईंनी सरळ विचारलं, की या खोल्या तुमच्याच आहेत कशावरून? आणि नेव्हिलला, का कोण जाणे, एकदम वाट दिसली. तो म्हणाला, की आत टेबलावर दोन विजेचे दिवे चालू आहेत, त्यातला डावीकडचा किंचित मंद आहे. खरं-खोटं करायला बाईंनी आपलं कार्ड लावून दार उघडलं. दिवे होते. डावीकडचा मंद होता. तो तपासून बाई वळेपर्यंत एस्टेल पलंगावर हंसाशेजारी बसलीसुद्धा होती. मग एकेक दारापुढे एकेकाने आपल्या खोलीचं वर्णन केलं. सिरिलने तर नळ कसा गळतो, उशी कशी पातळ आहे आणि खिडकीतून काय काय दिसत नाही ते इतकं सविस्तर सांगितलं, की बाईंनी ते बंद करण्यासाठी दार उघडलं. डच जोडप्याने टाळ्या वाजवल्या.

सकाळी उतरण्याच्या दारापाशी पहाऱ्याला हाल्वरसनबाई स्वतः उभ्या होत्या.

मंडळी जिन्याने खाली आली. हात रिकामे, पोटावर कार्डं. सर्वांत पुढे नेव्हिल. सिनेगॉगच्या कारभाऱ्यांना, आरोन रुंग यांना, त्याने आधीच कळवून ठेवलं होतं: तोरापुढे पहिला मान पुरोहितांच्या कुळातल्या माणसाला, दुसरा लेवी कुळातल्याला, म्हणजे पाहुण्यांतून सिरिलला, आणि तिसरा नेव्हिलला. वेळेवर पोचला नाही तर तिसरा मान दुसऱ्या कुणाला जाणार. तोरा मँचेस्टरसाठी थांबत नाही.

“कार्ड?” बाई म्हणाल्या.

“कार्ड माझ्या कमरेला आहे,” नेव्हिल म्हणाला, आणि थांबला.

“मग काढा.”

“ते कमरेला आहे,” नेव्हिल पुन्हा म्हणाला. मागे रांग वाढत गेली. एक जर्मन गृहस्थ घड्याळ पाहू लागले. शेवटी बाई वाकल्या, त्यांनी शांतपणे दोन्ही आकडे सोडवले आणि कार्ड यंत्राला लावलं.

बर्निस प्रेसमनच्या सल्ल्याने घेतलेली पँट सरळ खाली निघाली. नेव्हिलने ती गुडघ्यांच्या जरा वर पकडली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे लोक आदराने बघतात, हे त्याने आयुष्यभर अनुभवलं होतं; एवढे सगळे डोळे एकदम मोठे झालेले तो प्रथमच पाहत होता.

त्यातून यंत्राने कार्ड ओळखलं नाही. दुसऱ्या भोकाने त्याच्या पोटातलं काहीतरी बिघडलं होतं. नवीन देते, इथे सही करा, असं बाई म्हणाल्या. सही म्हणजे लिहिणं. नेव्हिल म्हणाला, की सही करणारा माणूस आज इथे नाही. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पडद्यावरच्या त्याच्या फोटोकडे पाहिलं, मग त्याने दोन्ही मुठींत धरलेल्या पँटकडे पाहिलं, आणि मोडकं कार्ड ठेवून घेऊन त्याला जायला सांगितलं. नॉर्वेच्या माणसाच्या कडकपणालाही सीमा असते. बाकीच्यांच्या पोटांपाशी त्यांनी कार्ड वाचायचं छोटं यंत्र नेलं, तिथे भोकं नशिबाने योग्य जागी पडली होती, आणि एकेकाला विनासंवाद उतरवलं.

रस्त्यावर एस्टेल म्हणाली, की एखाद्याने आपला टाय द्यावा आणि याच्या कमरेला बांधावा. यात गाठ येत होती, आणि शब्बाथला कुठली गाठ चालते हा प्रश्न लहान नाही. रब्बींनी डोळे मिटले. चालता चालता विचार करत असल्यामुळे त्यांना दोनदा खांबापासून वाचवावं लागलं. नेव्हिल बदकासारखी पावलं टाकत होता. ट्रॅममधले लोक पाहत होते.

“एका गोष्टीवर विसंबलं की असं होतं,” सिरिल आपले गॅलस ताणत म्हणाला. “मी कार्यवाह असताना...”

“तू कार्यवाह असताना आपण लीड्सच्या पुढे गेलो नव्हतो,” एस्टेल म्हणाली.

सिनेगॉगच्या दारावर पहारेकरी होता. असतोच. हात वर करा, तो म्हणाला. नेव्हिलने डावा हात वर केला. दोन्ही, तो म्हणाला. नेव्हिलने डावा खाली घेऊन उजवा वर केला. पहारेकऱ्याचा चेहरा कठोर झाला. सोबत काही ओळखपत्र? शनिवारी कुठून असणार? आतून प्रार्थनेचा आवाज येत होता. तोरा कपाटातून बाहेर काढताना म्हणतात ते गाणं नेव्हिलला ऐकू आलं.

“इथे का आलात?” पहारेकऱ्याने विचारलं.

“आईने पाठवलंय,” नेव्हिल म्हणाला. “तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय.”

पहारेकऱ्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि दार उघडलं. त्यालाही आई असावी.

आत गेल्यावर बायका वर सज्जात गेल्या. नेव्हिलने प्रार्थनेची मोठी शाल अंगावर घेतली, तीत पँटसकट मुठी लपवल्या आणि प्रथमच थोडा श्वास घेतला. पहिला मान झाला. सिरिलला बोलावलं, तो गेला, खणखणीत आवाजात आशीर्वाद म्हणाला आणि रिवाजाप्रमाणे बाजूला उभा राहिला, कारण आधीच्याने पुढच्याचं वाचन संपेपर्यंत चौथऱ्यावर थांबायचं असतं. इतक्यात शेजारी बसलेल्या रब्बींनी डोळे उघडले आणि कुजबुजले, की टायची गाठ चालेल. आणि त्याच वेळी रुंग यांनी नेव्हिलचं नाव पुकारलं.

तो चौथऱ्याच्या पायऱ्या चढला. तोराची गुंडाळी उघडी होती. रुंग यांनी तिच्या दोन लाकडी मुठींकडे बोट दाखवलं. आशीर्वाद म्हणताना त्या दोन्ही हातांनी धरायच्या असतात.

नेव्हिल थांबला. आयुष्यभर तो लोकांना विचारत आला होता, हे की हे? खाली काळ्या टोप्यांतली अनोळखी माणसं त्याच्याकडे पाहत होती. याच फळ्यांवर तेरा वर्षांचा लाइब उभा होता, बहुधा थोरल्या भावाची पँट घालून, कारण जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरात कुणाला आपल्या मापाचं काही मिळत नाही. नेव्हिलने शालीच्या आत दोन्ही मुठी उघडल्या आणि तोराच्या मुठी धरल्या.

पँट खाली गेली नाही.

“म्हण,” त्याच्या कानामागे सिरिल पुटपुटला. शालीखालून त्याने नेव्हिलची कंबर मागून गच्च आवळून धरली होती. “मी धरलंय. म्हण लवकर, हाताला मुंग्या येतात माझ्या.”

नेव्हिलने आशीर्वाद म्हटला. वाचन झालं. पुन्हा आशीर्वाद म्हटला. मग रुंग यांनी विचारलं, कुणासाठी? आणि नेव्हिलने सांगितलं. फ्रेडा, लाइबची मुलगी. रुंग यांनी ते नाव मोठ्याने म्हटलं आणि ते वरच्या घुमटापर्यंत गेलं. सज्जात एस्टेल डोळे पुसत होती. तिला वरून सिरिलचा हातही दिसत होता, त्यामुळे ती नेमकी कशासाठी पुसत होती ते सांगता येत नाही.

आता सिरिलने खाली उतरायचं होतं. रुंग यांनी त्याला खूण केली. सिरिलने मान हलवली. दुसऱ्यांदा खूण केली. आयुष्यात एकही रिवाज न मोडलेला सिरिल नोअर, उपनियम चार-ब मोडला म्हणून आपल्याच मेव्हण्याचं सदस्यत्व रद्द करणारा सिरिल, तिथेच उभा राहिला. हेलसिंकीची माणसं फार सभ्य. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ठरवलं, की मँचेस्टरच्या लोकांची पद्धत अशीच असावी: तोरापुढच्या माणसाला मागच्याने धरून ठेवायचं. पाहुण्यांच्या रिवाजाचा मान राखायला हवा.

चौथा मान एका वृद्ध गृहस्थांचा होता. ते वर आले, त्यांनी तोराच्या मुठी धरल्या, आणि आशीर्वाद सुरू न करता किंचित मागे वळून नेव्हिलकडे वाट पाहत उभे राहिले. नेव्हिलचे हात आता मोकळे होते. त्याने एक आपल्या पँटला ठेवला आणि दुसऱ्याने त्यांच्या कोटाचं टोक धरलं. वृद्धांनी समाधानाने मान डोलावली. पाचव्याने आल्यावर आपण होऊनच कोट पुढे केला, आणि तो वृद्धांनी धरला. सातवा माणूस वाचत होता तेव्हा त्या चौथऱ्यावर सगळे गंभीर चेहऱ्याने एकमेकांची वस्त्रं धरून, लहान पोरांच्या आगगाडीसारखे उभे होते, आणि सर्वांत मागे सिरिल.

रविवारी सकाळी नेव्हिलने वृद्धाश्रमात फोन लावला. तिकडे न्याहारी चालली होती. चमच्यांचे आवाज येत होते.

“माझं नाव घेतलं?” फ्रेडाबाईंनी विचारलं.

“घेतलं.”

“माझ्या बापाच्या नावासकट?”

“सकट. मोठ्याने.”

मग त्या म्हणाल्या, “आणि लोकांनी मान दिला का रे तुला नीट?”

नेव्हिलने विचार केला. खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती.

“आई, माणसं माझ्याभोवती एकामागे एक उभी होती,” तो म्हणाला. “सोडायला तयार नव्हती.”

फोनवर चमच्यांचे आवाज थांबले. फ्रेडाबाईंनी फोन तोंडापासून जरासुद्धा लांब न धरता टेबलाला सांगितलं, “ऐकलंत ना सगळ्यांनी? सोडत नव्हते त्याला. हाताने धरून ठेवला होता.”

हे शेवटचं आईला कुणी सांगितलं, ते नेव्हिलला आजतागायत कळलेलं नाही.